सेवेची मर्यादा

सेवा हा शब्द आपल्या मंडळींच्या तोंडी नित्य असतो. उत्सवात जो पाणी भरतो तो सेवा करतो, जो चपला सांभाळतो तोही सेवाच करतो, आणि जो वर्गणीच्या पावत्या फाडीत दारोदार हिंडतो त्याच्याही श्रमांना आपण तेच नाव देतो. शब्द इतका परिचयाचा झाला म्हणजे त्याच्या अर्थाची विचारपूस करण्याचे आपण सोडून देतो. कोणासाठी तरी कष्ट घेतले की सेवा घडली, आणि कष्ट जितके अधिक तितकी सेवाही अधिक, असा एक सरळ हिशेब मनाशी ठरून जातो. हा हिशेब सर्वत्र खरा ठरतो काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

प्रश्नास निमित्त झाले आहे ते दिव्यांग खेळाडूंच्या क्रीडास्पर्धांचे. अशा स्पर्धा आपल्या देशात आता पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक भरू लागल्या आहेत. २०२३ च्या डिसेंबरात दिल्ली येथे पहिली खेलो इंडिया पॅरा क्रीडास्पर्धा झाली. त्याच वर्षी आमच्या ग्वाल्हेर नगरीत दिव्यांगांच्या क्रीडाप्रशिक्षणाचे, अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाचे केंद्र उघडले गेले; आणि ह्याच नगरीच्या प्राची यादव यांनी हांगझोऊ येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत नौकाचालनाचे सुवर्णपदक मिळविले. पुढील वर्षी, म्हणजे २०२४ साली, पॅरिसच्या पॅरालिंपिकमधून आपले खेळाडू ७ सुवर्णपदकांसह एकंदर २९ पदके घेऊन परतले. अशा स्पर्धांस खेळाडूंच्या बरोबरीने स्वयंसेवकांचीही मोठी गरज असते. त्यासाठी मागणी येते तेव्हा आपल्या घरांतील तरुण मुले-मुली, तसेच सेवानिवृत्त ज्येष्ठ सभासदही, उत्साहाने आपली नावे देतात, ही गोष्ट सर्वांस भूषणावह आहे. परंतु उत्साह ही सेवेची सुरुवात होय. मैदानावर पाऊल ठेवल्यावर आपल्या हातांनी काय करावे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, ह्याचा विचार उत्साहाच्या भरात राहून जाण्याचा संभव असतो.

आपल्या पंक्तीचेच उदाहरण घेऊ. वाढणारे दोन प्रकारचे असतात. एक वाढपी पानाकडे न पाहता पात्रातील पदार्थ संपविण्याच्या घाईने पुढे जातो. कोणी नको म्हणून हात आडवा धरला तरी त्या हातावरून जिलबी सोडतो, आणि आपण मोठा आग्रह केला ह्या समाधानात राहतो. दुसरा पानाकडे पाहतो. कोणाचा वरणभात अडला आहे, कोणाला ताक हवे आहे, कोणा वृद्धास मऊ भाताची गरज आहे, हे ओळखून तो नेमके तेच घेऊन येतो, आणि नको म्हणताच थांबतो. श्रम दोघांचेही सारखेच. तथापि पहिल्याच्या आग्रहाने पान वाया जाते आणि दुसऱ्याच्या वाढण्याने जेवणारा तृप्त होतो. पहिल्याचे लक्ष स्वतःच्या देण्याकडे असते. दुसऱ्याचे समोरच्याच्या गरजेकडे असते. सेवेचा सारा प्रश्न ह्या भेदात साठविला आहे असे आम्हास वाटते.

पंक्तीत हा भेद शिष्टाचाराचा असतो. दिव्यांगांच्या क्रीडांगणावर तो नियमांत लिहून ठेवलेला आढळतो. साहाय्य करणाऱ्याने किती करावे आणि कोठे थांबावे हे इतक्या काटेकोरपणे ठरवून देणारे दुसरे क्षेत्र क्वचितच असेल. म्हणून ते नियम थोडे जवळून पाहण्यासारखे आहेत.

प्रथम अंध धावपटूंची शर्यत घ्या. ज्यांना मुळीच किंवा जवळजवळ काहीच दिसत नाही अशांच्या गटात सर्वांच्या डोळ्यांवर पट्टी असते, म्हणजे किंचित उजेड जाणवणाऱ्यासही त्याचा लाभ मिळू नये. प्रत्येकाच्या शेजारी एक डोळस मार्गदर्शक धावतो. दोघांच्या हातांत एकच आखूड दोरी असते. वळण कोठे आले, किती अंतर राहिले, हे मार्गदर्शक सांगतो. त्याचे पाऊल खेळाडूच्या पावलाशी जुळलेले असावे लागते. त्याने खेळाडूस ओढता कामा नये, ढकलता कामा नये, आणि अंतिम रेषा त्याने खेळाडूच्या आधी ओलांडता कामा नये. ह्यांपैकी काहीही घडले तर खेळाडू बाद होऊ शकतो. आता लक्षात घ्या की ह्या मार्गदर्शकास खेळाडूपेक्षा अधिक वेगाने धावता यावेच लागते, नाही तर तोच मागे पडेल. म्हणजे ज्याच्या अंगी अधिक वेग आहे त्याने तो वेग दुसऱ्याच्या वेगाएवढाच वापरावयाचा, आणि जेथे सहज पुढे जाता आले असते तेथे अर्धे पाऊल मागे राहावयाचे. पॅरिस येथे २०२४ साली सिमरन शर्मा यांनी २०० मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा त्यांच्या बाजूने अभय सिंह हे मार्गदर्शक धावत होते. त्या यशात दोघांचाही वाटा होता. पण शर्यत कोणाची, ह्याविषयी कोणाच्याही मनात संदेह नव्हता.

दुसरे उदाहरण बोचिया ह्या खेळाचे. मैदानावर ठेवलेल्या एका पांढऱ्या चेंडूच्या शक्य तितक्या जवळ आपले चेंडू नेऊन थांबवावयाचे, असा हा खेळ आहे. ज्यांचे हातपाय इतके बाधित आहेत की चेंडू फेकणे शक्य नाही, अशा खेळाडूंसाठी एका गटात उतरत्या पन्हळीची सोय असते. चेंडू पन्हळीवर ठेवणे व ती पन्हळ डावीउजवीकडे वळविणे ही कामे साहाय्यक करतो. परंतु ह्या साहाय्यकास मैदानाकडे पाठ करून बसावे लागते! चेंडू कोठे पडले आहेत हे त्याने पाहावयाचे नाही; सल्ला द्यावयाचा नाही; खेळाडू ज्या खुणेने वा शब्दाने सांगेल तेवढेच करावयाचे. पुष्कळदा हा साहाय्यक खेळाडूचा पिता किंवा माता असते. ज्या अपत्यास आजवर हाताने भरविले, त्याच्या आयुष्यातील मोठ्या क्षणी त्याच्याकडे तोंड करून आणि खेळाकडे पाठ करून बसावयाचे, आणि त्याच्या बुद्धीवर सर्वस्वी विसंबावयाचे! ह्याहून कठीण संयम आम्हास तरी सुचत नाही.

आणखी दोन लहान गोष्टी. अंध जलतरणपटू भिंतीजवळ येतो तेव्हा काठावरील साहाय्यक लांब काठीच्या मऊ टोकाने त्यास हलकासा स्पर्श करतो. तो स्पर्श लवकर झाला तरी वेग मोडतो, उशिरा झाला तर डोके भिंतीवर आदळते. साऱ्या साधनेचे मोल त्या एका क्षणात असते. आणि अंधांच्या फुटबॉलमध्ये तर प्रेक्षकांनाही सेवेचा वाटा दिला आहे: चेंडूत घुंगरांसारखा आवाज करणारी योजना असते, तो आवाज खेळाडूंस ऐकू यावा म्हणून चेंडू खेळात असेपर्यंत सर्वांनी मौन पाळावयाचे. ज्या देशात खेळ म्हणजे गजर, तेथे हे मौन पाळणे ही काही लहान सेवा नव्हे.

हे नियम केवळ स्पर्धेच्या सोयीसाठी झाले असे कोणी म्हणेल. आमच्या मते त्यांच्या मुळाशी एक कटू अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पाठीच्या कण्यास गंभीर इजा झालेल्या माणसाची आशा बहुधा सोडून दिली जात असे. त्याला बिछान्यावर ठेवीत, त्याची कीव करीत, आणि शय्याव्रणांनी व मूत्रमार्गाच्या विकारांनी तो थोड्याच काळात मरण पावे. नाझी राजवटीतील छळामुळे १९३९ साली जर्मनीतून इंग्लंडला आलेले मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ साली स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात ह्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. रुग्णास दिवसरात्र ठराविक वेळाने कुशीवर वळविण्यापासून त्यांनी आरंभ केला, आणि पुढे त्यांस काम व खेळ यांकडे वळविले. १९४८ च्या जुलैच्या २९ तारखेस, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी चाकांच्या खुर्चीतील १६ माजी सैनिक स्त्रीपुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. तीतूनच पुढे १९६० साली रोम येथे २३ देशांच्या सुमारे ४०० खेळाडूंचा मेळावा भरला, आणि आज तोच पहिला पॅरालिंपिक म्हणून मोजला जातो. गुटमान यांच्या रुग्णांभोवती पूर्वी दयेची वाण होती असे नाही. हा मनुष्य अजून काही करू शकतो, ही अपेक्षा मात्र कोणी त्यांच्याकडून केली नव्हती. अपेक्षा नसलेली दया माणसास हळूहळू निकामी करते, हे त्या रुग्णालयाने जगास दाखवून दिले.

आपल्याकडचे उदाहरणही ह्याच अर्थाचे आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांस गोळ्या लागल्या व शरीरास कायमचे अपंगत्व आले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीच्या जलतरणात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. भारतास पॅरालिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले सुवर्ण. पद्मश्रीचा सन्मान त्यांस २०१८ साली मिळाला. मधली ४६ वर्षे बहुतेकांस त्यांचे नावही ठाऊक नव्हते. जखमी जवानाविषयी हळहळणारे लोक त्या काळीही पुष्कळ असतील. त्याच्या पराक्रमाची दखल घेणारे मात्र फार थोडे निघाले. हळहळ वाटणे सोपे असते, कारण तीत आपण वरच्या पायरीवर असतो. आदर करावयाचा तर त्या पायरीवरून खाली यावे लागते.

येथे आमच्या प्रतिपादनावर काही आक्षेप संभवतात, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, सेवेस असे नियमांत बांधले तर तिच्यातील जिव्हाळा आटून जाईल. करुणेने धावून जाणारा मनुष्य ‘विचारू की नको’ असा हिशेब करीत बसत नाही. ह्यावर आमचे म्हणणे असे की, करुणेने धावून जाण्यास कोणाचीच आडकाठी नाही. पण धावून गेल्यावर पहिला शब्द कोणाचा असावा, एवढाच प्रश्न आहे. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या खेळाडूस ती खुर्ची म्हणजे त्याच्या देहाचाच भाग असतो. न विचारता मागून ती ढकलणे म्हणजे चालत्या माणसास पाठीमागून उचलून दुसरीकडे ठेवण्यासारखेच आहे. ‘मी काही साहाय्य करू का?’ ह्या प्रश्नास दोन क्षण लागतात. त्यामुळे कोणाचा जिव्हाळा आटल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जो बोलू शकत नाही, किंवा ज्यास आपली गरज नीट सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत काय करावयाचे? आणि जो संकटात कोसळत आहे त्यास विचारीत बसावयाचे काय? प्राणावर बेतले असता आधी हात द्यावा, हे उघड आहे. त्याविषयी दुमत नाही. परंतु ज्यास बोलता येत नाही त्यास इच्छाच नसते असे मात्र नव्हे. बोचियाच्या मैदानावर कित्येक खेळाडू डोळ्यांच्या हालचालीने किंवा मानेच्या किंचित झुकण्याने पन्हळ कोठे हवी ते सांगतात, आणि साहाय्यकास ते समजते, कारण त्याने ती भाषा शिकण्यासाठी महिनेच्या महिने घालविलेले असतात. सेवा करणाऱ्याचे पहिले कष्ट हे समोरच्याची भाषा शिकण्याचे असले पाहिजेत. उचलण्याचे, वाहण्याचे कष्ट त्यानंतरचे.

तिसरा आक्षेप आमच्याच बाजूने उद्भवणारा आहे, आणि तो सर्वांत घातक होय. ‘विचारल्याशिवाय हात लावू नये’ हे सूत्र हाती आले की पुष्कळांस दूर उभे राहण्याची उत्तम सबब मिळते. चूक होईल ह्या भयाने, किंवा कोणी रागावेल ह्या शंकेने, मनुष्य बाजूला सरकतो आणि आपण त्यांचा मान राखला अशी स्वतःची समजूत घालतो. हे मान राखणे नव्हे. ही उपेक्षाच होय, फक्त तिने सभ्य वस्त्रे नेसली आहेत. मार्गदर्शक धावपटू ओढीत नाही हे खरे, पण तो दोरीही सोडीत नाही. ओढणे आणि सोडणे ह्या दोहोंच्या मध्ये जे राहते त्याचेच नाव सेवा.

दोरी सोडण्यावरून पॅरिसमधील एक प्रसंग सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. २०२४ च्या पॅरालिंपिकमधील स्त्रियांच्या मॅरेथॉन शर्यतीत एलेना काँगोस्त ही स्पेनची दृष्टिबाधित धावपटू तिसऱ्या स्थानी होती. चौथ्या क्रमांकाची स्पर्धक तिच्या सुमारे तीन मिनिटे मागे. अंतिम रेषा अवघ्या काही मीटरांवर आली असता तिच्या मार्गदर्शकाच्या पायांत पेटके आले आणि तो कोलमडू लागला. त्यास सावरण्यासाठी तिने क्षणभर दोरी सोडली. शर्यत संपेपर्यंत दोरी दोघांच्याही हाती असलीच पाहिजे, असा नियम. त्या नियमानुसार पंचांनी तिला बाद ठरविले, आणि कांस्यपदक जपानच्या मिसातो मिचिशिता यांना देण्यात आले.

ह्या निर्णयावर जगभर वाद झाला, आणि त्यात दोन्ही बाजूंस बोलण्यासारखे आहे. नियम निरर्थक नव्हता. दोरी सुटू द्यावयाची नाही असे ठरविले नाही, तर किंचित दिसणारा धावपटू सोयीप्रमाणे दोरी धरील व सोडील, आणि ज्यांना मुळीच दिसत नाही त्यांच्यावर अन्याय होईल. उलट पक्षी, त्या क्षणी तिने दोरी सोडली ती लाभासाठी सोडली नव्हती. तिचे त्यात नुकसानच होते. नियम ज्या अन्यायास रोखण्यासाठी झाला तो अन्याय तेथे घडलाच नव्हता, म्हणून पंचांस थोडा विवेक वापरता आला असता तर बरे झाले असते, असे आमचे मत आहे. परंतु पदकाच्या प्रश्नाहूनही आम्हास दुसरी गोष्ट अधिक विचारणीय वाटते. आपण सर्वजण असे धरून चालतो की साहाय्य एकाच दिशेने वाहते: डोळस देतो, अंध घेतो. त्या शेवटच्या काही मीटरांत ही समजूत एका क्षणात उलटली. जिला आधार दिला जात होता तिनेच आधार देणाऱ्यास सावरले, आणि तेही आपल्या श्रमांचे फळ पणास लावून. दोरीस दोन टोके असतात, हे तोवर कोणाच्या फारसे लक्षात आले नव्हते. स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे की ज्याच्यासाठी आपण जात आहोत तोही देणारा आहे. आपण त्यास घेणारा म्हणूनच पाहिले तर त्याच्या अर्ध्या माणुसकीस आपण मुकलो.

आता मैदानावर जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी काही साध्या गोष्टी सांगतो. खेळाडूशी बोलावयाचे ते त्याच्याशीच बोलावे. त्याच्या सोबत्यास ‘ह्यांना काय हवे?’ असे विचारू नये. अंध व्यक्तीचा हात धरून ओढू नये. आपला कोपर पुढे करावा, म्हणजे ती आपल्या मनाने तो धरील. प्रौढ खेळाडूशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलू नये. अनुमतीवाचून छायाचित्र घेऊ नये, आणि पराभूत खेळाडूस ‘भाग घेतलात हेच पुष्कळ’ असे म्हणू नये; तो जिंकण्यासाठी आलेला असतो, त्यास हरण्याचे दुःख करण्याचाही अधिकार आहे. आणि जी कामे कोणाच्या नजरेस येत नाहीत, म्हणजे पिण्याचे पाणी वेळेवर पोहोचविणे, स्वच्छतागृहाची वाट मोकळी ठेवणे, उन्हात ताटकळणाऱ्यांसाठी सावली करणे, ती कामे आधी मागून घ्यावीत.

शेवटी एक गोष्ट, जी मैदानापेक्षा आपल्या अधिक जवळची आहे. १९६० साली रोम येथे खेळाडूंच्या निवासाच्या इमारती उंच खांबांवर उभ्या होत्या, आणि चाकांच्या खुर्चीतील खेळाडूंस जिन्यावरून चढविण्या-उतरविण्याचे काम सैनिकांस करावे लागले. त्या सैनिकांच्या श्रमांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु एखादा उतार आधीच बांधला असता तर त्या खेळाडूंस आपल्या इच्छेने हवे तेव्हा बाहेर पडता आले असते, कोणाची वाट पाहावी लागली नसती. खांद्यावर उचलून नेणारा दिसतो, त्याचे कौतुक होते. उतार बांधणाऱ्याचे नावही कोणास आठवत नाही. तरीही दोहोंत मोठी सेवा कोणती, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्या देशात २०१६ साली झालेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगता मानल्या आहेत, आणि सार्वजनिक वास्तूंत सर्वांस जाता यावे असेही सांगितले आहे. ‘अपंग’ हा शब्द मागे पडून ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला. पण शब्द पालटला म्हणून पायऱ्या सपाट होत नाहीत. आपल्या सभागृहाच्या दाराशी किती पायऱ्या आहेत, हे आपणांपैकी किती जणांनी मोजले असेल? ज्यास त्या चढता येतात तो मोजीत नाही. ज्यांस चढता येत नाहीत ते येईनासे होतात, आणि आपण म्हणतो की हल्ली अमुक काका व्याख्यानास दिसत नाहीत. कित्येक घरांत एखादी बहीण, एखादा पुतण्या असा असतो की ज्यास पाहुणे आले म्हणजे आतल्या खोलीत बसविले जाते. त्या घरातील मुलगा क्रीडास्पर्धेत स्वयंसेवक म्हणून दोन दिवस राबून आला, तर त्या दोन दिवसांनी आतल्या खोलीचे दार उघडले पाहिजे. ते उघडले नाही तर त्याने मैदानावर घेतलेले श्रम मैदानावरच राहिले, असेच म्हणावे लागेल.

म्हणून आमची सभासद बंधुभगिनींस विनंती आहे की, स्वयंसेवक होण्यासाठी नावे अवश्य द्यावीत, अधिकाधिक द्यावीत. आणि आपल्या संस्थेच्या पुढील सभेत सभागृहाच्या दाराशी एक उतार व एक कठडा बांधण्याचा विषय कोणी तरी मांडावा. त्यास लागणारा खर्च फार मोठा नाही. तो बांधण्यापूर्वी मात्र, ज्यांनी तो वापरावयाचा आहे त्यांस बोलावून, त्याचा चढ किती असावा आणि कठडा कोणत्या हातास असावा, हे त्यांनाच विचारावे.